सरासरी नऊ प्रवासी

प्रभाग कार्यालय दर महिन्याला एक पत्रक काढत असे. एकच कागद, दोन्ही बाजूंना छापलेला, तीन रकान्यांचा: विकासकामे, वाहतूक आणि परिसराच्या तक्रारी. टेकडीवरच्या वसाहतीत त्याच्या एकशे दहा प्रती येत. त्यातल्या बऱ्याचशा कपाटांच्या फळ्यांवर अंथरल्या जात, काहींनी खिडक्यांच्या काचा पुसल्या जात, आणि एक वाचली जाई. ती वाचणारे गृहस्थ वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक होते. चौतीस वर्षं त्यांनी दुकानोदुकानी तराजू तपासले होते आणि खोटी वजनं जप्त केली होती. अजूनही किलोभर साखर चार ग्रॅम कमी भरली तर ते पिशवी परत पाठवीत. वसाहत त्यांना ग्रॅमकाका म्हणे. हे नाव आपल्या तोंडावर कोणी घेत नाही अशी त्यांची समजूत होती. घेत सगळेच होते. फक्त ‘ग्रॅम’ जरा हळू म्हणत.

त्या महिन्याच्या पत्रकात, वाहतुकीच्या रकान्यात, अगदी तळाशी, बागेतल्या नव्या बाकांच्या बातमीखाली चार ओळी होत्या. चौदा नंबरची छोटी बस टेकडीवर येते त्या फेरीचा फेरविचार चालू आहे. दर फेरीला सरासरी चार पूर्णांक दोन दशांश प्रवासी चढतात. किमान नऊ हवेत. नागरिकांनी हरकती पंधरा दिवसांत नोंदवाव्यात.

ग्रॅमकाकांनी त्या ओळी दोनदा वाचल्या, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचल्या आणि स्वयंपाकघराकडे बघितलं. आत काकू चहा गाळत होत्या. त्या रोज दुपारी चारच्या बसने मार्गाच्या दुसऱ्या टोकाला, आपल्या थोरल्या बहिणीकडे जात. ताईंची दृष्टी दोन वर्षांपूर्वी गेली होती. काकू तिला वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून दाखवीत आणि साडेसहाच्या बसने परत येत. बस बंद झाली तर मुख्य रस्त्यापर्यंत चालत उतरावं लागणार होतं. अंतर सातशे चाळीस मीटर, उतार अकरा टक्के. दोन्ही आकडे काकांनी स्वतः मोजलेले. आणि काकूंचा उजवा गुडघा, त्याचा आकडा मोजता येत नव्हता, पण आवाज ऐकू येत होता.

“काही होत नाही,” काका म्हणाले. “आकडा चुकीचा आहे. मी सिद्ध करतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सातपासून ते थांब्यावर घडीची खुर्ची टाकून बसले. सात ते चार, दर तासाला एक, अशा दहा फेऱ्या. आठवडाभर, सहा दिवस, साठ फेऱ्या. मोजणी चालू असताना येणाऱ्याजाणाऱ्याने सल्ला दिला. एकाने सांगितलं की, मोजायचंच असेल तर उभं राहून मोजा, बसून मोजलेलं ऑफिसात धरत नाहीत. दुसऱ्याच्या साडूने अशाच एका प्रकरणात थेट मोठ्या साहेबांना पत्र लिहिलं होतं. त्याचं पुढे काय झालं ते मात्र त्याला आठवत नव्हतं. शनिवारी दुपारी काकांनी बेरीज केली. दोनशे बावन्न. भागिले साठ. चार पूर्णांक दोन.

ऑफिसचा आकडा बिनचूक होता. नोकरीच्या चौतीस वर्षांत असा प्रसंग त्यांच्यावर आला नव्हता. त्या संध्याकाळी ते नीट जेवले नाहीत.

तरीही ते प्रभाग कार्यालयात गेले, कारण खुर्चीवर आठवडाभर बसल्याचं काहीतरी चीज व्हायला हवं होतं. खिडकीतल्या कारकुनाने त्यांचे तक्ते उलटसुलट पाहिले. आलेख रंगीत होता, त्याचं त्याने कौतुकही केलं.

“मोजलंत छान,” तो म्हणाला, “पण तुम्हाला मोजायला सांगितलं कोणी?”

हरकत दाखल करायची तर खात्याचीच मोजणी लागते, ती मागायला वेगळा अर्ज लागतो आणि त्या अर्जाला वसाहतीतल्या वीस जणांच्या सह्या लागतात, असं त्याने समजावून सांगितलं. फेरमोजणी पुढच्या सोमवारपासून आठवडाभर होईल. सात ते चारच; पाचला मोजणीवाल्यांची ड्यूटी संपते, म्हणून त्यानंतरचे प्रवासी हे प्रवासी धरले जात नाहीत.

सह्या गोळा करायला वाहनतळात सभा भरली. वसाहतीतले निवृत्त पोस्टमास्तर तिथे असे बोलले की जणू आयुष्यभर याच प्रश्नाची वाट पाहत होते. सह्या कसल्या करता, त्यांनी विचारलं. बस रिकामी जाते म्हणून बंद होते आहे, तर बसा की तिच्यात. एक आठवडा सगळ्यांनी बसायचं. स्कूटरी, गाड्या बंद. घरटी पाळ्या लावू.

वीस सह्याही तिथेच झाल्या आणि सगळ्यांना हे एकदम पटलं. ग्रॅमकाकांना पटलं नाही. पटलं नाही म्हणजे त्यांना ते इतकं पटलं की त्यांना स्वतःचीच भीती वाटली. घरी येऊन त्यांनी बेत सांगितला तेव्हा काकूंनी हातातलं भांडं खाली ठेवलं.

“म्हणजे काटा मारायचा,” त्या म्हणाल्या.

हा शब्द त्या घरात तीस वर्षांत फक्त दुसऱ्यांबद्दल वापरला गेला होता. काकांनी त्यावर तोडगा काढला आणि दुसऱ्या दिवशी फलकावर सूचना लावली: प्रवास प्रत्येकाने करावा, परंतु कारणाशिवाय कोणीही बसमध्ये चढू नये. खरं काम असलेला प्रवासी हा खरा प्रवासी. वजन खरं असेल तर पारड्यात टाकायला हरकत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता, आणि तो त्यांनी काकूंना तीन वेळा ऐकवला. काकूंनी एकदाही उत्तर दिलं नाही, त्यामुळे तो पुन्हा ऐकवावा लागला.

सोमवारी खात्याकडून मोजणीबाई आल्या. पन्नाशीच्या, टोपी घातलेल्या, मांडीवर नोंदवही आणि तोंडात लवंग. त्यांनी पहिल्या फेरीला सात रेघा मारल्या, दुसरीला चौदा, तिसरीला एकवीस. वसाहतीला खरी कामं सापडू लागली होती. कोणी सुई आणायला उतरलं. दोरा आणायचा राहिला म्हणून पुढच्या फेरीला परत गेलं. पोस्टमास्तर शेवटच्या थांब्याजवळच्या वाचनालयात गेले आणि तिथे त्यांना बुद्धिबळ खेळणारा एक सुतार भेटला. मंगळवारी ते दोनदा गेले. शिवणकाम करणाऱ्या मावशींनी बसमध्येच दोन ब्लाउजांची मापं घेतली. तिसऱ्या मजल्यावरच्या सूनबाईंचं पाच महिन्यांचं बाळ घरी झोपत नसे, ते बस सुरू होताच गाढ झोपलं. तेव्हापासून त्या त्याला घेऊन सलग दोन फेऱ्या करू लागल्या. बाळ झोपवणं हे काम धरायचं का, असा प्रश्न काकांकडे आला. त्यांनी पूर्ण एक संध्याकाळ विचार करून ते काम आहे असा निर्णय दिला. तीन वर्षांखालचं मूल मात्र प्रवाशात धरत नाहीत, असं मोजणीबाईंनी लवंग गालात सारून सांगितलं.

बुधवारपर्यंत बसची जत्रा झाली. अठरा आसनांच्या गाडीत एकतीस माणसं. ड्रायव्हरने आरसा नीट करायला हात बाहेर काढला तर तो आत घ्यायला जागा उरली नव्हती. ग्रॅमकाका थांब्यावर उभे राहून समाधानाने बघत होते, आणि त्याच वेळी चारची बस सुटली. सुटल्यावर त्यांच्या लक्षात आलं की, काकू अजून त्यांच्या शेजारीच उभ्या आहेत.

“चढता आलं नाही,” त्या म्हणाल्या. “दारात मावशी मापं घेत होत्या.”

गुरुवारी त्यांना आत जागा मिळाली, पण उभं राहून जावं लागलं, आणि उतरताना गुडघ्याने असा आवाज केला की कंडक्टरने गाडीचं इंजिन तपासलं. शुक्रवार, शनिवार त्या गेल्याच नाहीत. ताईंना फोनवर सांगितलं की, तुझ्याकडे यायची बस वाचवताहेत, म्हणून येता येत नाही.

पुढच्या महिन्याच्या पत्रकात सरासरी छापून आली: एकोणीस पूर्णांक तीन. शेजारी ग्रॅमकाकांचा फोटो, खाली ‘जागरूक नागरिक’. वसाहतीने टाळ्या वाजवल्या, पोस्टमास्तरांनी फोटोची चौकट करून घ्यावी असं सुचवलं. मग कोणीतरी पुढची ओळ वाचली. टेकडीवरील प्रवाशांचा उदंड प्रतिसाद लक्षात घेऊन छोट्या बसऐवजी अकरा मीटर लांबीची मोठी बस सुरू करण्यात येत आहे.

काका फीत घेऊन इस्त्रीवाल्याच्या दुकानाशी असलेल्या वळणावर गेले. रस्ता पाच मीटर तीस. त्यांनी मोठ्या बसच्या वळणाची रेघ कागदावर काढली, ती दुकानातून गेली. पुन्हा काढली, ती इस्त्रीच्या टेबलावरून गेली. इस्त्रीवाल्याने विचारलं की कुठून जाते आहे, तर काकांना खरं सांगायचा धीर झाला नाही.

मोठी बस सोमवारी आली. वळणावर तिचं तोंड वळलं, धड वळलं नाही. चाळीस मिनिटं ती तिथेच अडकून होती. मागे घ्या, पुढे घ्या, चाक डावीकडे, नाही उजवीकडे, अशा सूचना द्यायला वसाहतीतला प्रत्येक मनुष्य हजर होता. शेवटी ती सुटली ती इस्त्रीवाल्याचं ताडपत्रीचं छप्पर घेऊन, आणि इस्त्रीला आलेला, आरशाला अडकलेला एका डॉक्टरांचा पांढरा शर्ट बाह्या हलवत शहराच्या मध्यापर्यंत गेला. दुसऱ्या दिवशी थांब्यावर चिठ्ठी लागली: मोठी बस मुख्य रस्त्यावर थांबेल, प्रवाशांनी तिथपर्यंत चालत यावे, प्रतिसादाबद्दल आभार.

अशा रीतीने, टेकडीवरची बस बंद होऊ नये म्हणून सुरू केलेल्या मोहिमेमुळे टेकडीवरची बस बंद झाली. वसाहतीत याची चर्चा ‘ग्रॅमकाकांनी बस घालवली’ अशा सुटसुटीत शब्दांत होऊ लागली. ज्या पोस्टमास्तरांनी पाळ्या लावल्या होत्या, तेही म्हणाले की मला तेव्हाच शंका आली होती. काकांना हे लागलं. पण त्याहून जास्त लागलं ते मंगळवारी दुपारी. काकू छत्रीचा आधार घेत उताराने निघाल्या, एका बंगल्याच्या कठड्यावर बसल्या, तिथून उठून परत आल्या आणि चपला काढून नेहमीच्या जागी ठेवल्या. “आज नको वाटलं,” एवढंच म्हणाल्या. फोनवर ताईही म्हणाल्या, असू दे गं, रेडिओ आहे की. दोघी इतक्या समजूतदारपणे बोलल्या की काका उठून सरळ प्रभाग कार्यालयात गेले.

“माझी मोजणी खोटी होती,” त्यांनी खिडकीत सांगितलं. “मीच काटा मारला. आकडा खाली आणा आणि छोटी बस परत द्या.”

कारकून अडचणीत आला. त्याच्याकडे सेवा मिळत नसल्याचा अर्ज होता, सेवा अपुरी असल्याचाही होता. सेवा जास्त झाल्याची तक्रार करायला आजवर कोणी आलंच नव्हतं. त्याने सगळे खण उघडले, वरिष्ठांना विचारलं, वरिष्ठांनी त्यांच्या वरिष्ठांना विचारलं. शेवटी वाढीविषयी बोलणारा एकच नमुना सापडला, ‘अनधिकृत वाढीव बांधकाम’ या नावाचा. काकांनी तोच भरला. ‘वाढीचे स्वरूप’ यापुढे त्यांनी लिहिलं: प्रवासी, नऊशे सहा. ‘वाढ कोणी केली’ यापुढे स्वतःचं नाव.

चौथ्या दिवशी सकाळी बांधकाम खात्याचे निरीक्षक फीत घेऊन दारात उभे. अनधिकृत वाढ कुठे आहे, ती दाखवा. काकांनी बसचा सगळा इतिहास सांगितला. निरीक्षकांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि बाल्कनी मोजायला सुरुवात केली, कारण अर्ज आला की मोजायचं, असा नियम होता. बाल्कनी नकाशापेक्षा तीन मिलिमीटर जास्त भरली. काकांचा चेहरा उतरला. मग त्यांची नजर फितीच्या टोकावर गेली. पत्र्याचा हूक खिळखिळा झाला होता, माप तेवढंच वाढत होतं. आपली फीत आणून त्यांनी दोन्ही एकमेकींशेजारी धरल्या आणि अत्यंत नम्रपणे, अर्धा तास, फीत वर्षातून एकदा का तपासून घ्यावी ते समजावून सांगितलं. आयुष्यात प्रथमच एका निरीक्षकाला दुसऱ्या निरीक्षकाने तपासलं होतं. पाहुण्याने चहा घेतला, फीत खिशात टाकली आणि अहवालात लिहिलं: बांधकामात वाढ आढळली नाही, अर्जदाराच्या म्हणण्यानुसार वाढ बसमध्ये आहे, प्रकरण वाहतूक विभागाकडे पाठवावे.

आणि खरंच, ते पोहोचलं. महिनाअखेर छोटी बस फेरमोजणीसाठी आठवडाभर परत आली, मोजणीबाईंसकट; सरासरी नऊ भरली तर ती कायम राहणार होती. यावेळी काकांच्या मागणीवरून नोंदवहीत एक जादा रकाना होता, ‘प्रवासाचे कारण’. काकांना साक्षीदार म्हणून खुर्ची देण्यात आली होती. साक्षीदार हा प्रवासी नाही, हे लेखी कळवलेलं होतं.

त्याआधी रविवारी ते घरोघर फिरले. खरोखर काम असल्याशिवाय कृपा करून बसमध्ये बसू नका, त्यांनी हात जोडून सांगितलं. लोक दुखावले. मागच्या महिन्यात हाच माणूस बसा म्हणून सूचना लावत होता. पोस्टमास्तर म्हणाले की त्यांचा सुताराबरोबरचा डाव अर्ध्यावर राहिला आहे, ते जाणार, मग काकांना आवडो न आवडो. मावशींच्या तीन गिऱ्हाइकांचे कपडे द्यायचे होते. सूनबाईंनी झोपेअभावी काळवंडलेले डोळे दाखवले.

सरासरी तीन असेल, काकांनी मनाशी धरलं. किंवा पाच. पण सोमवारीच एका फेरीला अकरा चढले. रकान्यात बुद्धिबळ, दात, कापड, बाळ, चष्मा, पुन्हा बुद्धिबळ. काका प्रत्येकाला संशयाने न्याहाळत होते आणि प्रत्येकाचं काम खरं निघत होतं. एवढी माणसं इतके दिवस या टेकडीवर काय करत होती, हे त्यांना कळेना. शनिवारी दुपारी तीनची फेरी गेली तेव्हा एकूण पाचशे एकतीस झाले होते. पाचशे चाळीस हवे होते. चारची फेरी शेवटची, म्हणजे नऊ माणसं हवीत.

चार वाजता आठ चढली. आठवी काकू. बस थांबली होती, ड्रायव्हर घड्याळ बघत होता. रस्ता वरपर्यंत रिकामा.

“पाचशे एकोणचाळीस,” मोजणीबाई म्हणाल्या. “आठ पूर्णांक अठ्ठ्याण्णव. नऊच धरतील हो, काका.”

“धरणार नाहीत,” काका म्हणाले. “मी असतो तर धरले नसते.”

खिडकीतून पोस्टमास्तर ओरडले की तुम्हीच चढा. बसमधले सगळे तेच म्हणू लागले. काका खुर्चीवरून हलले नाहीत. त्यांना कुठेच जायचं नव्हतं. घरी दूध तापवायचं होतं, एवढंच काम. वजन हातात होतं, पारडं समोर होतं, आणि ते टाकायला त्यांच्याकडे कारण नव्हतं.

काकू पायरीपर्यंत परत आल्या. एका हाताने दांडा धरून.

“अहो, ताईकडे चला.”

काकांनी एकदा वरच्या रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं.

“दोन वर्षं झाली. रोज विचारते, ते का येत नाहीत म्हणून. रोज काहीतरी सांगते मी. आता सुचत नाही.”

ताईंकडे न जायचं कारण त्यांनी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. जिला दिसत नाही तिच्यासमोर बसून काय बोलायचं, ते त्यांना माहीत नव्हतं. तुमचं कसं काय, असं विचारलं तर ती खरं सांगेल, आणि मग पुढे काय. त्यांनी खुर्ची मिटली, पुन्हा उघडली, पुन्हा मिटली.

“साक्षीदाराचा राजीनामा लिहून द्यावा लागेल का?” त्यांनी मोजणीबाईंना विचारलं.

“चढा आधी,” बाई म्हणाल्या. “कारण काय लिहू?”

“मेव्हणीला भेटायचं आहे.” आणि ते चढले.

बाईंनी रेघ मारली, बेरीज केली, खाली दोन आडव्या रेघा ओढल्या आणि वही मिटली. पाचशे चाळीस. बसमध्ये मोठा गलका झाला, पण काकांचं तिकडे लक्ष नव्हतं. काकूंच्या शेजारी खिडकीत बसून ते वाटभर बाहेर बघत राहिले, वर्गात प्रश्न विचारला जाणार आहे हे माहीत असलेल्या मुलासारखे.

ताई खुर्चीत बसल्या होत्या, शाल गुडघ्यांवर. पावलं ऐकून म्हणाल्या, “आज दोघं? हा दुसरा कोण, टाच घासत चालणारा?”

“मीच,” काका म्हणाले. आणि मग, जे ठरवलं होतं ते सगळं विसरून, जे डोक्यात होतं तेच बोलले. इस्त्रीवाल्याच्या वळणावर बस आणि भिंत यांच्यामध्ये फक्त सोळा सेंटिमीटर उरतात. भिंतीला निळा रंग आहे, पण खिडकीच्या उंचीवर मोठ्या बसच्या घासण्याने एक पट्टा पांढरा पडला आहे, चार बोटं रुंद. छपराची नवी ताडपत्री पिवळी आहे. त्यापुढे शाळेच्या कुंपणावर एकवीस दप्तरं अडकवलेली होती, आणि मैदानात पोरं मात्र सोळा-सतराच. उरलेली कुठे होती ते दिसलं नाही.

काकूंनी वर्तमानपत्र उघडलं होतं, ते तसंच मांडीवर राहिलं. ताई मान पुढे काढून ऐकत होत्या. मधेच त्यांनी विचारलं की पुलाखाली पाणी आहे का, किती आहे, त्याचा रंग कसा आहे. दोन वर्षांत आपण त्यांना देशोदेशीच्या बातम्या सांगितल्या आणि हे कधीच सांगितलं नाही, असं काकूंच्या मनात आलं. काकांनी पाणी सांगितलं, पुलाचे कठडे सांगितले, शेवटच्या थांब्यावरचं घड्याळ सात मिनिटं मागे आहे हेही सांगितलं.

साडेसहा होत आले तेव्हा ते उठले. ताईंनी हात पुढे केला, काकांचा हात सापडेपर्यंत हवेत धरून ठेवला.

“आज सगळी डावी बाजू सांगितलीत,” त्या म्हणाल्या. “उद्या येताना उजवीकडे बसा.”